मधुमेहावरचं औषध मेटफॉर्मिन एचपीएलसीवर (द्रवाबरोबर कॉलममधून सोडून घटक वेगळे करणारी तपासणी) तपासायचंय, कॉलम कोणता: हिलिक (पाण्याशी जुळणारे रेणू धरून ठेवणारा), की सी-१८ (तेलकट थराचा नेहमीचा कॉलम) वरच निभावायचं?

बेसलाइन: मेटफॉर्मिन आणि त्यातली सायनोग्वानिडिन ही अशुद्धी, दोन्ही साध्या सी-१८ वर व्हॉइडमध्येच, म्हणजे कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच, निघून जातात. माझं मत: सरळ हिलिक घ्या. १५० × ४.६ मिमीचा अमाइड कॉलम, ८० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल, बाकी पाण्यात अमोनियम फॉर्मेट (एकूण मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, १० मिलिमोलर), पीएच ३. सायनोग्वानिडिन आधी, मेटफॉर्मिन बरंच मागून. फॉस्फेट बफर मात्र नको, एवढ्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये क्षार पंपातच बसतो.

पीकवाला: हेप्टेन सल्फोनेट (धनभारित रेणूशी जोडी जमवणारा अभिकर्मक) घाला, सी-१८ वरच मेटफॉर्मिन थांबतं. नवा कॉलम कशाला?

बेसलाइन: थांबतं ते फक्त मेटफॉर्मिन. सायनोग्वानिडिनवर भारच नाही, ती व्हॉइडजवळच राहणार. शिवाय तो कॉलम कायमचा त्याच मेथडचा होतो, धुऊनही अभिकर्मक पुरता निघत नाही.

व्हायल: अ‍ॅसेसाठी (मुख्य औषधाचं प्रमाण मोजायला) हिलिक मान्य. ०.०२ टक्के मर्यादेच्या अशुद्धीसाठी अजिबात नाही. तिथे नमुना ५ मिग्रॅ/मिली लागतो. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड पाण्यात भरपूर विरघळतं, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये नाही. नमुना पाण्यातच दिला तर आणखी पंचाईत: हिलिकमध्ये पाणी हाच सगळ्यात जोरकस विद्रावक, त्यामुळे पीक (आलेखावरचा उंचवटा) पसरतो, दुभंगतो, आणि लवकर निघणारी सायनोग्वानिडिन सगळ्यात आधी बिघडते. युरोपियन फार्माकोपियाने (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) बेंझिनसल्फोनिक गट जोडलेली सिलिका घेतली ती उगाच नाही. १७ ग्रॅम/लिटर अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पीएच ३.०, मोजणी २१८ नॅनोमीटरवर. सगळंच जलीय, डायल्युएंटचा (नमुना विरघळवायच्या द्रवाचा) झगडाच नाही.

बेसलाइन: आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग अ‍ॅसिटोनायट्राइल घालत ६०:४० वर या, इंजेक्शन २ मायक्रोलिटर. आणि पहिल्या इंजेक्शनआधी किमान २० कॉलम व्हॉल्यूम (कॉलममधल्या मोकळ्या जागेच्या २० पट) मोबाइल फेज जाऊ द्या, म्हणजे साधारण ३२ मिली. रिटेन्शन (पदार्थ कॉलमवर थांबण्याचा वेळ) सरकतो म्हणून हिलिकला नावं ठेवतात ते बहुतेक इथेच घाई करतात.

व्हायल: मग हिशोब करा. ५ मिग्रॅ/मिलीचे ०.०२ टक्के म्हणजे १ मायक्रोग्रॅम/मिली, २ मायक्रोलिटरमध्ये जेमतेम २ नॅनोग्रॅम. त्यात तुमचं फॉर्मेट २१८ ला स्वतःच शोषतं, गोंगाट वाढतो. आधी ०.०१ टक्क्याचं द्रावण चालवा, सिग्नल-नॉइज (पीक आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) १० च्या वर येतो का बघा. तेवढं आलं तर पुढचं बोलू.