नाताळचा सिनेमा म्हटलं की तुम्हाला कोणता आठवतो?

खिडकीपाशी
माळा आवरताना एक व्हीएचएस कॅसेट हाती लागली. पाठीवर बाबांच्या अक्षरात ‘होम अलोन. पुसू नये.’ खाली दोन रेघा. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, जाहिरातींसकट. कॅसेट १८० मिनिटांची, त्यात सुरुवातीला बाबांची टेनिसची मॅच. तिला हात लावायची कोणाची बिशाद नव्हती, त्यामुळे सिनेमाचा शेवट मावलाच नाही. चोर पकडले जातात, घरात एकटा राहिलेला छोटा केविन झोपायला जातो आणि खर्रर्र, पडदाभर मुंग्या. शेजारचा तो म्हातारा, मुलाशी अबोला असलेला, नातीचं गाणं ऐकायला चर्चमध्ये येऊन बसलेला, त्याचं पुढे काय झालं हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं! कॉलेजात पहिल्यांदा पूर्ण बघितला. तो नातीला जवळ घेतो ते खिडकीतून दिसलं आणि भर हॉस्टेलात मी हमसून हमसून रडले. बाकीच्या बघतच राहिल्या. माझ्या लेखी शेवटी दाराशी कोणीतरी आलं पाहिजे, तरच तो नाताळचा सिनेमा. तुमचं सांगा.

झटपट
डाय हार्ड. विषय संपला.

तळटीप
संपतो कसला! तो १९८८च्या जुलैत आला होता.

झटपट
मग? ऑफिसातली नाताळची पार्टी, रुसलेली बायको, तिला मनवायला विमानाने आलेला नवरा. मधे थोडा गोळीबार. आमच्या घरच्या कार्यात याहून जास्त होतो.

तळटीप
बरं, हरलो. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ही (१९४७) उन्हाळ्याच्या तोंडावरच लागला होता, आणि त्यात तर खुद्द सांताक्लॉजवर खटला चालतो. एडमंड ग्वेनला त्या सांतासाठी ऑस्कर मिळालं.

रात्रपाळी
नाइट ड्यूटीला होते. एक आजोबा कानात इअरफोन घालून ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ बघत होते. सलाईन बदलायला गेले तर त्यातला नायक जॉर्ज पुलावर उभा. मी थबकले. आजोबा म्हणतात, “सिस्टर, हा बर्फ खोटा बरं का. शूटिंग उन्हाळ्यातलं.” मग सगळं सांगितलं: पूर्वी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर डब करावे लागायचे. म्हणून दिग्दर्शक काप्राच्या लोकांनी आग विझवायचा फेस आणि साबण वापरला. दुखत होतं त्यांना, पण बर्फाचं सांगताना चेहरा असा खुलला होता! दुसऱ्या रात्री गेले तर बेड रिकामा.

डिस्चार्ज मिळाला होता हो. घाबरलात ना?

झटपट
सिस्टर, असं करत नका जाऊ. चहा सांडला ना माझा.

तळटीप
तो सिनेमा १९४६ला आला तेव्हा फार चालला नव्हता. १९७४मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग टीव्हीवाले दर डिसेंबरला फुकटात दाखवत सुटले. कोणीतरी एक फॉर्म भरायला विसरलं म्हणून घरोघरी पोचला.

भंगारप्रेमी
खिडकीपाशी, थांबा! ती कॅसेट तशीच लावू नका. झाकण उचलून टेप बघा. पांढरी बुरशी असली तर व्हीसीआरचं हेड गेलंच म्हणून समजा. नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, टेप मोकळी होते.

खिडकीपाशी
बुरशी दिसत नाहीये. व्हीसीआर मामाकडून आणतेय.

धावतपळत
क्लाउस (२०१९). आळशी पोस्टमन आणि खेळणी करणारा म्हातारा. बघून झाल्यावर लेकाने सांताला पत्र लिहिलं. मागितलं काहीच नाही, फक्त ‘तुला सुट्टी कधी असते’ विचारलंय. काय उत्तर लिहू? धाकटी उठली, आले.

नकोबाई
मला हा प्रकारच झेपत नाही. ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’मधला तो पाट्या घेऊन मित्राच्या बायकोच्या दारात उभा राहणारा! नवरा आत बसलाय! याला प्रेम म्हणतात? पण त्यातच एमा थॉम्पसन आहे. नवऱ्याच्या खिशात हार बघितलेला असतो आणि नाताळची भेट म्हणून हातात येते सीडी, हार दुसरीसाठी. एकटी खोलीत जाते, डोळे पुसते, पलंगावरची चादर सारखी करते आणि हसत मुलांपाशी येते. ती चादर मी विसरू शकत नाही. का ते विचारू नका.

रात्रपाळी
नाही विचारत. मेसेज करा, जागीच असते मी.

धावतपळत
झोपली परत. कॅसेटचं काय झालं??

खिडकीपाशी
लागली!! रंग उडालेत, पण आवाज छान आहे. पाऊण तास टेनिस झाल्यावर ऐन टायब्रेकमध्ये मॅच तुटते आणि सिनेमा सुरू. म्हणजे बाबांनी आमच्यासाठी मॅचचा शेवट पुसला होता! आई शेजारी येऊन बसलीये. सिनेमा राहिला बाजूला, मघापासून एकच विचारतेय, मग जिंकलं कोण?