सातवीतल्या मुलीसाठी ऑनलाइन कोडिंगचा वर्ग: ४८,००० रुपये भरावेत का?

बार्शीची आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. गणितात तिला चांगली गती आहे, बंद पडलेली बॅटरी किंवा जुना पंखा दिसला की तो खोलून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि ‘मला इंजिनिअर व्हायचे आहे’ असे ती गेल्या वर्षभरापासून सांगते आहे. मागच्या महिन्यात एका खासगी कंपनीच्या ऑनलाइन कोडिंग वर्गाची एक विनामूल्य तासिका आम्ही घेतली. त्या तासाभरात तिने पडद्यावरचे ठोकळे जोडून एक छोटा खेळ तयार केला आणि ती फार आनंदात होती.

त्याच संध्याकाळी कंपनीतून फोन आला. मुलीची बुद्धी असामान्य आहे, रात्री बारापर्यंत प्रवेश घेतला तरच सवलत मिळेल, ९६ तासिकांचे ४८,००० रुपये होतील आणि ते दरमहा हप्त्यांनी भरता येतील, असे सांगण्यात आले. आमचे किराणा दुकान आहे. ही रक्कम आम्हाला मोठी आहे, तरी मुलीच्या शिक्षणासाठी ती उभी करण्याची आमची तयारी आहे.

मला थांबवले ते एका गोष्टीने. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, कालचा खेळ मला पुन्हा करून दाखव. तिला तो जमला नाही. ‘मॅडम सांगतील तो ठोकळा मी ओढत होते’, एवढेच तिला आठवत होते. मग तासाभरात ती शिकली काय, हे मला कळेना. दुसरीकडे, शहरातली मुले आतापासून कोडिंग शिकत असताना आपली मुलगी मागे पडेल आणि पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला अडचण येईल, ही भीतीही आहे. घरात ४ जीबी मेमरीचा एक जुना लॅपटॉप आहे. माझे इंग्रजी बेताचे आहे आणि कोडिंगमधले मला काहीही कळत नाही. आम्ही काय करावे?

संगणक अभियंता, पुणे

ताई, आधी पैशांविषयी लिहितो, कारण रात्री बारापर्यंतची मुदत घालून पालकांकडून होकार घेण्याची ही पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते. अशा वर्गांचे ‘सोपे हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. तासिका बंद केल्या म्हणून ते आपोआप बंद होत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी जी सूचना प्रसिद्ध केली होती, तिच्यात खात्यातून परस्पर पैसे वळते करण्याची परवानगी देऊ नये आणि अटी वाचल्याशिवाय संमती देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. आपण होकार दिलेला नाही, हे उत्तम झाले.

प्रवेशाची भीती मनातून काढून टाकावी. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी जेईई मेन असो की राज्याची सीईटी, प्रश्न भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांवर येतात, आणि दहावीनंतर पदविकेला जायचे असेल तर दहावीचे गुण पाहिले जातात. शाळेत असताना घेतलेल्या कोडिंगच्या कोणत्याही प्रमाणपत्राला तेथे गुण नाहीत. शून्यापासून प्रोग्रामिंग शिकवणे हे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे कामच आहे.

मग सातवीत कोडिंग शिकावे का? माझ्या मते जरूर शिकावे. मात्र मुलीने स्वतः काही करून पाहिले पाहिजे, ते चुकले पाहिजे आणि का चुकले हे तिने स्वतः शोधले पाहिजे. त्या तासिकेत नेमके हेच घडले नाही. म्हणून खेळ तयार झाला, पण तो तिचा नव्हता.

एक उदाहरण सविस्तर देतो. स्क्रॅच ही ठोकळ्यांची भाषा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती पूर्णपणे विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. आपला लॅपटॉप तिला पुरेल. डावीकडे खालच्या कोपऱ्यातील बटण दाबून ‘पेन’चे ठोकळे जोडून घ्यावेत, म्हणजे पडद्यावरचे मांजर चालता चालता रेघ काढते. मुलीला सांगावे, मांजराकडून चौरस काढून घे. शंभर पावले पुढे जा, ९० अंशांत वळ, हे चार वेळा कर. चौरस तयार होतो. आता तिला समभुज त्रिकोण काढायला सांगावे आणि आपण गप्प बसावे.

ती बहुधा ६० अंश लिहील, कारण समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे तिला शाळेत शिकवलेले आहे. पण शंभर पावले आणि ६० अंशांचे वळण असे तीन वेळा केले, तर त्रिकोण मिटत नाही. अर्धा षटकोन काढून मांजर भलतीकडेच थांबते. कोन बरोबर, बाजू बरोबर, मग चुकले कोठे? येथे मुलीला उठून फरशीवर स्वतः चालून पाहू द्यावे. एका बाजूने सरळ जाऊन कोपऱ्यावर आले की आपण त्रिकोणाच्या आतल्या कोनातून वळत नाही, सरळ रेषेपासून जेवढे बाजूला व्हावे लागते तेवढे वळतो, म्हणजे १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश. चौरसात आतला आणि बाहेरचा कोन दोन्ही ९०च असल्यामुळे ही चूक तेथे लपून राहिली होती. मला स्वतःला बाह्यकोन हा प्रकार पुस्तकातून कधीच नीट समजला नव्हता, तो असाच समजला. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तिच्यातले कासवही पुढे असेच रेघा काढत चालू लागले, आणि त्या कल्पनेत मला आजही काही जुने झालेले दिसत नाही.

इंग्रजीचीही फार चिंता नको. आठवी-नववीत ती पायथॉनकडे वळेल, तेव्हा त्या भाषेत पाठ करण्यासारखे राखीव शब्द (भाषेने स्वतःच्या कामासाठी ठेवलेले) अवघे ३५ आहेत. बाकी नावे आपली आपण द्यायची असतात आणि ती देवनागरीतही देता येतात. ‘किंमत’ आणि ‘वजन’ अशी नावे देऊन दुकानाच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम ती लिहू शकेल. कळपाटावरून ‘१२’ असे मराठी अंक दिले, तरी पायथॉन त्यांचे संख्येत रूपांतर करतो.

शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, निफाड तालुका

वरील उत्तरातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण एका बाबतीत मी वेगळे मत मांडू इच्छितो. विनामूल्य साहित्य भरपूर आहे, हे खरे; तेवढ्याने मूल शिकते असे मात्र माझ्या अनुभवाला आलेले नाही. टाळेबंदीच्या काळात आम्ही मुलांना धड्यांचे दुवे पाठवत होतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ते पाहिले, तिसऱ्या आठवड्यात दोघांनी, आणि त्या दोघांच्या घरी मोठे भाऊ-बहीण शेजारी बसत होते. एकटे मूल अडले की व्हिडिओ पुढे जात राहतो आणि मूल मागे राहते. सशुल्क वर्गात पालक जे विकत घेतात, ते खरे तर ठरलेल्या वेळी समोर बसणारे माणूस असते, आणि ही गरज खोटी नाही.

म्हणून ताई, माझी सूचना अशी आहे. वर्गातल्या आणखी दोन मुलींना रविवारी सकाळी आपल्या घरी बोलवावे आणि तिघींनी एका लॅपटॉपवर बसावे. एकीने हात चालवायचा, दुसरीने पुढे काय करायचे ते सांगायचे, तिसरीने वहीत लिहायचे. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. आपल्याला कोडिंग येत नाही, ही येथे अडचण नाही. आपण फक्त विचारावे, ‘तुला काय व्हायला हवे होते, आणि प्रत्यक्षात काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देता देता निम्म्या चुका मुलांना आपोआप सापडतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

धडे हवे असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाहावेत. धडा साधारण दहा मिनिटांचा असतो, अनेक धडे मराठीतही आहेत, आणि एका बाजूला धडा चालू ठेवून दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचे, अशीच त्यांची रचना आहे. पायथॉन आणि अर्डुइनो (प्रोग्राम भरून दिवे, सेन्सर चालवता येणारी छोटी सर्किट-पाटी) या दोन्हींचे धडे तेथे आहेत.

संगणकाला हात न लावताही यातले पुष्कळ शिकता येते. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला या उपक्रमाकडून भारतात बेब्रास ही स्पर्धा घेतली जाते. तिची सुरुवात २००४ मध्ये लिथुआनियात झाली. त्या भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर, ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. त्यातील कोडी सोडवायला आधीचे काहीही यावे लागत नाही, फक्त पायऱ्या नीट मांडाव्या लागतात. शाळेने नोंदणी करायची असते, तेव्हा मुख्याध्यापकांशी अवश्य बोलावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवलेले आहेत, त्यामुळे शाळेकडे हा विषय काढणे अजिबात वावगे नाही. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याची प्रयोगशाळा, आहे का, हेही विचारावे. नीती आयोगाच्या योजनेतून देशभरात अशा १०,००० प्रयोगशाळांना मंजुरी मिळालेली आहे आणि त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहेत.

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी

मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही, म्हणून लिहिते. मुलगी बंद पंखा खोलते. तिला ‘इंजिनिअर’ व्हायचे आहे, आणि आपण सगळे तिला कोडिंग सांगत आहोत. हे दोन्ही एक नव्हे.

ऑनलाइन शिक्षणाचा या विषयातही उपयोग आहेच. टिंकरकॅड या संकेतस्थळावर पडद्यावरच ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग जोडायची भोकांची पाटी), एलईडी, रोध (रेझिस्टर) आणि अर्डुइनो मांडून सर्किट चालवून पाहता येते, तेही विनामूल्य. रोध न लावता एलईडी जोडला तर प्रवाह फार जास्त असल्याची सूचना दिसते, आणि खिशाला झळ न बसता मुलीला कळते की ५ व्होल्टवर लाल एलईडीसोबत २२० ओहमचा रोध का हवा. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टना २२०ने भागले की साधारण १४ मिलिअँपिअर येतात. ओहमचा नियम तिला आजच शिकवता येईल, वरच्या वर्गापर्यंत थांबायचे कारण नाही.

पण पडद्यावरच्या ब्रेडबोर्डमध्ये तार कधी सैल बसत नाही. तेथे बॅटरी उतरत नाही आणि खराब निघालेला सेन्सरही (तापमान, आर्द्रता असे काही मोजणारा भाग) मिळत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षाला येणारी कित्येक मुले प्रोग्राम बरोबर लिहितात आणि दिवा लागला नाही की प्रोग्रामच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह, रोध मोजणारे उपकरण) उचलून तारेच्या दोन टोकांना लावावा, हे त्यांना सुचत नाही. ही सवय हाताने काम केल्यावरच लागते.

निफाडच्या सरांच्या भागातले एक उदाहरण देते. कांदा चाळीत साठवताना तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, अशी शिफारस असते. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने घरच्या चाळीसाठी अर्डुइनो आणि डीएचटी११ हा स्वस्त सेन्सर घेऊन यंत्र तयार केले. आर्द्रता ७०च्या वर गेली की घंटा वाजायची. प्रोग्राम निर्दोष होता. मी त्याला सेन्सरचे माहितीपत्रक वाचायला लावले. आर्द्रतेच्या मापनात पाच टक्के वर किंवा खाली इतकी चूक होऊ शकते, असे त्यात छापलेले आहे. म्हणजे ज्या पट्ट्यावर लक्ष ठेवायचे तो पाच टक्क्यांचा, आणि मोजणाऱ्याची चूक दोन्ही बाजूंना मिळून दहाची. घंटा वाजली तरी तिचा अर्थ लावता येत नव्हता. मग त्याने अधिक अचूक सेन्सर घेतला आणि तो भिंतीलगत न ठेवता कांद्याच्या थरात मध्यभागी ठेवला, तेव्हा दोन्ही ठिकाणचे आकडे वेगळे असल्याचे त्याला दिसले. मी ज्याला अभियांत्रिकी म्हणते, ती येथून सुरू होते, आणि सातवीतली मुलगीही हे करू शकते.

शक्य झाल्यास सुट्टीत तिला पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम दाखवावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. लोखंडकाम, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, स्वयंपाक हे सगळे हाताने करत विज्ञान शिकायचे, ही तेथील पद्धत आहे, आणि एमआयटीच्या सहकार्याने उभी राहिलेली तेथील फॅब लॅब (संगणकावर आखलेल्या वस्तू यंत्रांनी बनवण्याची कार्यशाळा) जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी आहे. ४८,००० रुपयांपैकी दोन-तीन हजारांत मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, अर्डुइनो आणि काही सुटे भाग येतील. मात्र घरच्या २३० व्होल्टच्या विजेला तिने मोठ्यांशिवाय हात लावू नये. खोलायचा पंखाही आधी प्लग काढूनच खोलावा.

बार्शीची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला आम्ही नकार कळवला आहे. रविवारी शेजारच्या दोन मुली आल्या होत्या. त्रिकोणाचे अगदी तसेच झाले, तिघींनीही ६०च लिहिले. मी सरांनी सांगितलेला प्रश्न विचारला आणि गप्प बसले. अर्ध्या तासाने शेजारची मुलगी स्वयंपाकघरात चालून पाहू लागली आणि तिनेच १२० सांगितले. माझी मुलगी त्यावर थोडी हिरमुसली, पण नंतर तिने पंचकोन स्वतः काढला. आता त्या विचारत आहेत की वर्तुळ कसे काढायचे, कारण त्याला कोपरेच नाहीत. मला उत्तर देता आले नाही.

संगणक अभियंता, पुणे

ताई, उत्तर देऊच नका. तिघींना आतापर्यंतच्या आकृत्यांचा तक्ता करायला सांगा: किती बाजू, प्रत्येक कोपऱ्यावर किती अंश. त्रिकोण ३ आणि १२०, चौरस ४ आणि ९०, पंचकोन ५ आणि ७२. दोन आकड्यांचा गुणाकार तिसऱ्या रकान्यात लिहू द्या. त्यानंतर ३६ बाजूंची आकृती काढायला सांगा, बाजू मात्र दहा पावलांचीच ठेवा, नाहीतर मांजर पडद्याच्या कडेला जाऊन अडेल.