बेसबॉलमध्ये रॅडबर्नने ६७८ इनिंग टाकल्या, मग आम्हाला ८५ चेंडूंवर का थांबवता?

कृष्णाकाठ, सांगली: सहावीतली पोरं विचारतात, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स संघाच्या चार्ल्स रॅडबर्नने १८८४ च्या एका हंगामात ६७८ इनिंग (तीन गडी बाद होईपर्यंतचा एकेक डाव) पिचिंग केलं, म्हणजे चेंडू फेकले, मग आम्हाला मर्यादा का? काय सांगावं?

अजिंक्यतारा: तेव्हा नियमच वेगळे होते. पिचर ज्या चौकोनातून फेकायचा त्याची पुढची रेघ होमपासून, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीपासून, ५० फुटांवर. आजचं ६० फूट ६ इंच अंतर १८९३ साली आलं. चौकोनात पाऊल टाकत जोर घेता यायचा. वॉकला (फलंदाजाला फुकट पहिला बेस) सहा बॉल, म्हणजे बाहेर गेलेले चेंडू, लागायचे. खांद्यावरून टाकायची मुभा तो खेळायचा त्या नॅशनल लीगने १८८४ सालीच दिली. त्यात जुलैत दुसरा पिचर चार्ली स्वीनी संघाबाहेर गेला आणि सगळा भार रॅडबर्नवर पडला. त्या हंगामात त्याच्या नावावर विजय ५९, काही नोंदींत ६०. थोरच माणूस!

मिरज जंक्शन: पुढचंही सांगा पोरांना. रॅडबर्नचा केस विंचरायलाही हात वर जात नसे म्हणतात. १८८५ मध्ये विजय २८, १८८८ मध्ये ७. आता लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत) ११-१२ वर्षांच्या पोरांसाठी दिवसाला ८५ चेंडू. ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. ४१ किंवा जास्त झाले असतील तर त्या दिवशी त्या पोराला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करू नका, तिथेही फेक चालूच राहते. कोपर खाली येऊन चेंडू उंच जायला लागला की आकडा न बघता पिचर बदला.