गडबड चालू असताना गेलात की थांबलात? अनुभव सांगा

हातमागवाली
भाच्याच्या ग्रुपची लेहची तिकिटं काढून झाली होती आणि २४ सप्टेंबरला (२०२५) तिथं गोळीबार झाला. चार जण गेले, संचारबंदी लागली. राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची (आदिवासी भागांना स्वायत्तता देणारी घटनेतली तरतूद) मागणारं आंदोलन. "आत्या, जाऊ का नको?" असा त्याचा फोन आला आणि मला २०११ चं तेलंगणातलं सिरसिल्ला आठवलं.

आम्ही सोलापूरचे पद्मशाली, आईचं माहेर सिरसिल्ला. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वेगळ्या तेलंगणासाठी 'सकल जनुला सम्मे' (सगळ्या जनतेचा संप) चालू होता, ४२ दिवस चालला. आरटीसीच्या (तिकडच्या एसटीच्या) बस बंद, शाळा बंद, सिंगरेणीचे कोळसा कामगार संपावर, मधूनच रेल रोको. त्यात पिन्नी (आईची धाकटी बहीण) आजारी. आईला बतुकम्माला (तिकडचा बायकांचा फुलांचा सण) तिच्याजवळ असायचं होतं. बाबा म्हणत होते, जरा टीव्ही बघ.

मी मामाला फोन लावला. "कसं आहे तिकडं?" तर "पर्वालेदु (काही हरकत नाही), या." माहेरवाशिणीला येऊ नको कोण म्हणेल? मग वेगळं विचारलं. सकाळी दूध येतं का? मेडिकल किती वेळ उघडं असतं? रात्री पिन्नीला करीमनगरला न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची? दूध येत होतं, मेडिकल दुपारपर्यंत उघडं होतं, गाडी शेजाऱ्यांनी कबूल केलेली. त्यावर ठरवलं, मी आणि आई जायचं, पोरांना इथंच ठेवायचं.

सिकंदराबादपर्यंत रेल्वे. जुबिली बसस्थानक ओस पडलेलं. पुढं जीपनं. वाटेत बायकांनी भर रस्त्यात बतुकम्मा मांडलेली, जीप अडली. आई उतरली ती सरळ त्यांच्या फेरात शिरली आणि टाळ्या द्यायला लागली. गाणी तिला सगळी पाठ. त्याच बायकांनी मग आमच्या जीपला वाट करून दिली. पिन्नीची भेट झाली.

तुम्ही कसं ठरवलंत? गेलात तेही लिहा, नाही गेलात तेही लिहा.

विजापूरवेस
डिसेंबर २०२२. आईची दत्तजयंतीची गाणगापूर वारी. आदल्या दिवशी सीमावादावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडीला आपल्या ट्रकांवर दगड पडले आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. आईनं शांतपणे रेल्वेचं टाइमटेबल काढलं आणि गाणगापूर रोडला जाऊन उतरली. बाकी त्या दिवसांत तिकडचे मुख्यमंत्री सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगत होते, इकडं कर्नाटकच्या बसना काळं फासत होते. आमच्या घरात आई शेजारणीशी कन्नड बोलते, आमच्याशी मराठी. आम्ही कुणाच्या बाजूनं दगड उचलायचा?

पार्कचौक
देव काय पळून जातोय का? थांबायचं की एक वर्ष.

विजापूरवेस
काका, तुम्हीच सांगा आईला. चहाला या, समोर बसवतो.

टेरीटॉवेल
माझं धंद्याचं आहे. श्रीनगरच्या एका हॉटेलला आमचे टॉवेल जायचे. ऑगस्ट २०१९ ला वसुलीला निघणार होतो. २ तारखेला सरकारनं अमरनाथ यात्रेकरूंना आणि पर्यटकांना परत फिरा म्हणून सांगितलं, मी तिकीट रद्द केलं. ५ तारखेला ३७० चं जाहीर झालं. तिकडचे फोन, इंटरनेट सगळं बंद. पैशापेक्षा माणूस कसा आहे याचा घोर लागला होता. पोस्टपेड मोबाइल १४ ऑक्टोबरला चालू झाले, त्याच आठवड्यात त्याचा फोन. पहिलं वाक्य, "हिसाब बही में है, मिटाया नहीं." हप्त्याहप्त्यानं सगळे पैसे आले. "तिकडं जाऊच नका, धडा शिकवा" असं कुणी म्हटलं की मला हा माणूस आठवतो. त्याचं हॉटेल तेव्हा रिकामं पडलेलं, त्यानं काय केलं होतं?

रात्रपाळी
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. ऑक्टोबर २०२३ अखेर. मराठा आरक्षणाचं आंदोलन, माजलगाव, बीडला जाळपोळ, एसटी बंद. सासरे वारले. मला सातवा महिना. नाही गेले, व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतलं. नणंद अजून नीट बोलत नाही. तरी मी पुन्हा तेच करीन.

हातमागवाली
बरोबर केलंस गं. बाळ कसं आहे?

रात्रपाळी
पळतंय घरभर. बेल वाजली, जाते.

बाळीवेस
आमच्या घरातली ऐकीव गोष्ट. मे १९३०, सोलापुरात मार्शल लॉ. तिरंगा मिरवला म्हणून तुरुंग, रस्त्यावर लष्कर. आजोबांचं लग्न त्याच महिन्यात ठरलेलं. नवरीकडचे बार्शीचे. त्यांना लोकांनी सांगितलं, सोलापूरला जाऊ नका, मारतील. वऱ्हाड निघालंच नाही. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागलं. पुढं १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. हुतात्मा पुतळ्यांपाशी आजी कायम थांबायची. आज आपण लेह, काठमांडूबद्दल जे बोलतो ते तेव्हा बाहेरचे आपल्या गावाबद्दल बोलत होते. इथं घराघरात चुली पेटतच होत्या.

शेंगाचटणी
काठमांडूवरून आठवलं. सप्टेंबर २०२५ ला आईबाबा पशुपतिनाथच्या टूरवर, गोरखपूरला पोचले आणि ९ तारखेला तिकडं विमानतळ बंद, पंतप्रधानांचा राजीनामा. टूरवाले म्हणत होते हॉटेलचे पैसे भरलेत, सोनौलीपर्यंत (नेपाळच्या सीमेपर्यंत) तरी जाऊन बघू. बाबा बसमधून उतरून बाकावर बसले, म्हणाले मी हलत नाही. त्यांच्यामागून बाकीचेही उतरले. सगळे काशी करून आले. पैसे थोडेच परत मिळाले. विमा काढलात तर दंगल, संचारबंदीचं कलम निघायच्या आधी वाचा.

पार्कचौक
कडक भाकरी न्यायला सांगा सगळ्यांना. कुठं अडकलं तरी चटणी-भाकरीवर चार दिवस निघतात. भाच्याचं काय ठरलं?

हातमागवाली
होमस्टेवाल्या बाईंशी बोलला. त्या म्हणाल्या, बाजार थोडा वेळच उघडतो, तुम्हा एवढ्या पोरांना भाजी कुठून आणू? मग त्यानं तारीख जूनवर नेली, ॲडव्हान्स त्यांच्याकडेच ठेवला.

पार्कचौक
छान. विजापूरवेस, गाणगापूर रोडवरून देवळाला काय मिळतं? पुढच्या पौर्णिमेला हिला न्यायचंय.

विजापूरवेस
स्टेशनबाहेर जीप उभ्या असतात, वीसेक किलोमीटर. सकाळच्या गाडीनं जा, आधी संगमावर. बाराच्या आत देवळात पोचा म्हणजे माधुकरी चुकत नाही.