प्रतिसाद : पहिल्या धारेची

घरी गाळलेली दारू आणि कारखान्यातली यात फरक फक्त लेबलचा, असं मूळ चर्चेत म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. मी तळोद्याकडचा. सातपुड्यात चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचतात, वाळवतात, मग भिजवून आंबवतात. चुलीवर मडकं, वर गार पाण्याचं भांडं, ते कोमट झालं की पाणी बदलायचं. सगळा अंदाज हाताचा आणि नाकाचा. मोठं कसब आहे ते.

पण आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’, म्हणजे गाळताना सगळ्यात आधी उतरलेली, ती कौतुकाची, आणि खरी गोम तिथेच आहे. माल्ट व्हिस्कीच्या कारखान्यात हीच पहिली धार बाजूला काढतात, कारण अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी उग्र, लवकर उडणारी द्रव्यं तिच्यात जास्त असतात. शेवटची धारही वेगळी काढतात. मधली तेवढी पिंपात जाते. बाजूला काढलेलं पुढच्या घाण्यात पुन्हा गाळतात. हौशी माणसाकडे एकच छोटं भांडं. तेवढ्यातून एवढं फेकायचं तर त्याचा जीव होत नाही.

दुसरा फरक वेळेचा. स्कॉचला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं लागतात. घरची आठवड्यात संपते. आपली स्वस्त व्हिस्की मात्र बहुतेक उसाच्या मळीच्या स्पिरिटची असते, म्हणजे कारखान्याची म्हणून थोर असंही नाही.

आणि कृपा करून कुणी घरी प्रयोग करू नका. विनापरवाना गाळणं राज्यात गुन्हा आहे, शिवाय भांड्यातून निसटलेली वाफ चुलीशेजारी पेट घेऊ शकते.