पोहे कोरडे होतात ते वाफेअभावी
डब्यातले पोहे दुपारपर्यंत कोरडे होतात, म्हणून डब्यात पोहे नकोतच, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. आमच्या इंदुरात ठेल्यावर पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असते, म्हणून ते सकाळभर मऊ राहतात. घरीही तसंच करा. जाड पोहे धुऊन निथळा, हळद, मीठ, साखर लावा, बडीशेपेच्या फोडणीत परता (बडीशेप हवीच, तिच्याशिवाय ते इंदुरी नाहीत) आणि चाळणीत घालून, वर झाकण ठेवून, उकळत्या पाण्यावर पाच-सात मिनिटं वाफवा.

डबा भरताना पोहे जरा निवू द्या, नाहीतर झाकणाचं पाणी गळून खालचा थर गिच्च होतो. लिंबाची फोड, शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) वेगळ्या डबीत न्या, खातानाच घाला.