शाळेसमोर सावित्रीबाईंचा पुतळा: कोणत्या रूपात असावा?

माजी_विद्यार्थिनी: आमच्या गावच्या शाळेच्या आवारात सावित्रीबाईंचा पूर्णाकृती पुतळा बसवायचा आहे. वर्गणी जमली, जागाही मिळाली. अडलंय ते रूपावर. समितीतल्या बहुतेकांना जोतीरावांशेजारी बसलेल्या सावित्रीबाई हव्यात, मला एकट्या उभ्या. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर झाशीची राणी आहे, घोड्यावर, पाठीशी बाळ. लाल महालात जिजाऊंजवळ बाल शिवाजी. दोन्ही मला फार आवडतात. पण रोज उठून शिकवायला जाणारी बाई पुतळ्यात कशी दाखवायची?

कसबा_पेठ: जोतीराव शेजारी असले तर बिघडलं कुठे, ताई? त्यांनीच त्यांना शिकवलं.

मातीकाम: मी मूर्तिकार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुरुषाचा पुतळा असला की समिती पवित्रा विचारते, हात कुठे, नजर कुठे. बाईचा असला की पहिली सूचना येते, "चेहरा सोज्वळ ठेवा." मग सुरकुत्या जातात, गळ्याच्या शिरा जातात, वयच पुसलं जातं. म्हणून ताई, आधी वय ठरवा. 1848 साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई 17 वर्षांच्या होत्या. 1897 च्या प्लेगात मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन निघाल्या तेव्हा 66 वर्षांच्या. त्यातच त्या गेल्या. ही दोन्ही वयं मला अजून कुठल्या चौकात दिसली नाहीत.

चौथरा कमरेपेक्षा उंच नको. लहान मुली खालून बघणार, उंचावर नेलंत तर त्यांना निऱ्या आणि पुस्तकाची पाठ तेवढी दिसेल. एक पाऊल पुढे असू द्या, नऊवारी ताणली जाते आणि चाल दिसते. आणि मातीचं मॉडेल कला संचालनालयाच्या मान्यतेला जाण्याआधी गावातल्या शिक्षिकांना स्टुडिओत घेऊन जा. एकदा ब्राँझ ओतलं की चेहऱ्यात बदल होत नाही.

करवीरची_लेक: कोल्हापूरला कावळा नाक्यावरची ताराराणी बघून या. उधळलेला घोडा, हातात तलवार. लहानपणी एसटीतून दिसली की मी सरळ बसायचे.

पूर्वकिनारा: न्यूयॉर्कजवळ राहते. सेंट्रल पार्कमध्ये ॲलिस होती, ज्युलिएट होती, पण खरोखर होऊन गेलेल्या बाईचा पुतळा 2020 पर्यंत नव्हता. आता स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ, सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन एका टेबलाभोवती आहेत, एक बोलतेय, एक लिहितेय. आधीच्या आराखड्यात ट्रुथ नव्हत्याच. त्या कृष्णवर्णीय होत्या. लोकांनी टीका केली तेव्हा त्यांना जागा मिळाली. मॉडेल असतानाच भांडा.

माजी_विद्यार्थिनी: कसबा पेठ, जोतीरावांबद्दल आदरच आहे. पण भिडेवाड्याच्या वाटेवर शेण-दगड झेलत त्या चालत गेल्या, ती चाल मला मुलींना दाखवायची आहे. मातीकामदादा, पुढच्या बैठकीत 17 वर्षांच्या, चालत्या सावित्रीबाई असाच ठराव मांडते. पाऊल पुढे घेतलं तर तोल सांभाळायला मागे आधार द्यावा लागतो का?

मातीकाम: नाही. नऊवारीचा घेर जमिनीला टेकवला की वजन तोच पेलतो.